पिवळा ओरखडा

क्लिफर्डनं अंगठ्याचं नख गाडीच्या डाव्या दारावरच्या ओरखड्यावरून हळूच ओढलं. नख कुठे अडकलं नाही. त्यानं पुन्हा एकदा ओढून पाहिलं, मग कंबरेवर हात ठेवून सरळ उभा राहिला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत डोळे लावून बसलेल्या बायकोकडे पाहून मान डोलावली. निघेल, असा त्याचा अर्थ. बेरिलनं आतल्या आत हुश्श केलं आणि चहाचं पाणी ठेवायला वळली.

ओरखडा गुरुवारचा होता. बाजारातून येताना फाटकाचा खांब मध्ये आला, असं बेरिलचं म्हणणं. खांब बिचारा ती दोघं लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिथंच उभा आहे.

एरवी एवढ्याशा खरचटण्याचं कुणी मनावर घेतलं नसतं. पण ईस्टरला त्यांची मुलगी हेदर नॉटिंगहॅमहून आली होती आणि तिनं गाडीचा फुटका आरसा पाहिला होता. आवाज न चढवता ती म्हणाली होती की पुन्हा असं काही दिसलं तर ती आईच्या डॉक्टरांशी बोलणार आणि गाडी बंद करायला लावणार. हेदर लहानपणापासून बोलल्याप्रमाणे करणारी. आणि उद्या रविवारी ती जेवायला यायची होती.

गाडी बंद म्हणजे सगळंच बंद. मागच्या शरद ऋतूत क्लिफर्डला अर्धांगाचा झटका आला, तेव्हाच त्याचं लायसन्स गेलं. बाकी तो सावरला, डावा हात तेवढा उसना आणल्यासारखा राहिला. त्यांच्या थॉर्बी एंड गावात दुकान नाही, दवाखाना नाही, होता तो पबही बंद झाला. बस आहे, पण ती उपकार केल्यासारखी येते. बेरिलनं गाडी चालवायचं सोडलं तर घर विकायचं आणि हेदरच्या जवळपास म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या त्या इमारतीत एक खोली घ्यायची, हे न बोलता ठरल्यासारखं होतं. त्या इमारतीची रंगीत माहितीपत्रकं हेदर दर खेपेला टीव्हीशेजारी विसरून जायची. क्लिफर्ड ती शेकोटी पेटवायला वापरायचा.

आता नुसतं दार घासून भागणार नव्हतं. चिखलानं माखलेल्या गाडीचं एकच दार लखलखत असेल तर आंधळ्यालाही संशय येईल. म्हणजे गाडी पुरती धुवायची, पुसायची, पॉलिश करायची, वर मेण चढवायचं. झटका येईपर्यंत दर शनिवारी सकाळी तो हेच करत आला होता. तेव्हापासून मात्र गाडीला पाणी लागलं नव्हतं, आणि बटाट्याच्या ट्रॉल्या रस्त्यावर जी काळी माती सांडतात ती सगळी तिच्या अंगावर वाळून बसली होती.

धुण्याच्या बाबतीत क्लिफर्ड सोवळं पाळणारा माणूस. दोन बादल्या, एक साबणाच्या पाण्याची, एक साध्या. स्पंज आधी साध्या पाण्यात पिळल्याशिवाय साबणात बुडवायचा नाही, नाहीतर त्यातला कण रंगावर रेघ ओढतो. सुरुवात टपापासून, चाकं सगळ्यात शेवटी. ऊन नको, उन्हात साबण वाळून डाग पडतात. आज आभाळ छान राखाडी होतं. एका हाताचं काम असल्यानं त्याला वेळ लागत होता, पण ओल्या पत्र्यावरून स्पंज फिरू लागला आणि मातीखालचा निळा रंग वर आला, तेव्हा त्याला कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं. आपण अजून घरातला माणूस आहोत असं वाटलं.

शेजारचा नॉर्मन टास्कर कुत्र्याला घेऊन निघाला होता. तो फाटकाशी थांबला आणि म्हणाला, "हिचं झालं की आमचीपण धुऊन टाक."

या देशात गाडी धुणाऱ्या माणसाला पाहून येणारा जाणारा प्रत्येकजण हेच म्हणतो, आणि प्रत्येकाला ते आपल्यालाच सुचलं असं वाटतं.

"तुझीला फावडं लागेल," क्लिफर्ड म्हणाला. दोघंही हसले. नॉर्मननं दाराकडे एक नजर टाकली, खांबाकडे एक टाकली, आणि काही न बोलता कुत्र्यामागे गेला. माणूस शहाणा होता.

डाव्या बाजूचं मागचं चाक शेवटी आलं. त्याच्या वरच्या पत्र्यावर चिखल जाड होता, तो भिजवून भिजवून काढावा लागला. चिखल गेला आणि खाली पिवळं दिसलं.

क्लिफर्डला आधी वाटलं डोळ्यांचा खेळ असेल. त्यानं बोटानं घासलं. हातभर लांबीचा ओरखडा होता, आणि त्यात पिवळा रंग घट्ट बसला होता. फाटकाचा खांब पांढरा आहे. डॅफोडिल्स सोडली तर थॉर्बी एंडमध्ये पिवळं असं एकच ठिकाण होतं. गेल्या वर्षी शाळेपुढच्या फुटपाथवर पंचायतीनं छोटे खांब रोवले होते, पोरं रस्त्यावर येऊ नयेत आणि गाड्या पोरांपर्यंत जाऊ नयेत म्हणून. रंगावरून सभेत केवढा वाद झाला होता. लांबून दिसावेत म्हणून पिवळे करा, हे म्हणणारा क्लिफर्डच होता.

ते खांब रस्त्याच्या कडेला नव्हते, फुटपाथच्या आतल्या अंगाला होते. गाडीचं चाक फुटपाथवर चढल्याशिवाय पत्रा त्यांना लागणं शक्य नव्हतं.

तो उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला. बेरिल चहा घेऊन आली, सोबत आल्याची दोन बिस्किटं. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि खुशीत म्हणाली की ही आपलीच का, की मध्येच कुणी बदलली. क्लिफर्डनं चहाचा घोट घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हे मागचं पिवळं कशाचं गं?"

"कुठलं पिवळं?"

त्यानं बोट दाखवलं. ती वाकली, चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "बाजाराच्या पार्किंगमध्ये कुणीतरी लावलं असणार. लोक मेले बघत नाहीत."

बेरिलला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेली की मान लाल होते, खांबाबद्दल बोलतानाही झाली होती. आत्ता तिची मान गोरीच्या गोरी होती. ती खरं बोलत होती, आणि क्लिफर्डनं चहाचा कप खाली ठेवला तो त्यामुळेच. फुटपाथवर गाडी चढली, खांबाला घासली, उतरली, आणि हिला पत्ताच नाही.

गावात कुणी काही बोललेलं नव्हतं, म्हणजे कुणाला काही झालेलं नव्हतं. एवढ्यावर त्यानं मनाची समजूत घातली. समजूत घातली म्हणजे काय, तो कामाला लागला. कापडावर घासायची पेस्ट घेतली आणि पिवळ्यावर छोटी छोटी वर्तुळं काढत राहिला. डावा हात टेकवायला, उजवा घासायला. रंग हट्टी होता, पण क्लिफर्डही कमी नव्हता. दारावरचा पांढरा ओरखडा गेला, मागचा पिवळा गेला, जिथे खोल होतं तिथे त्यानं बाटलीतला निळा रंग काडीच्या टोकानं भरला. मग सगळ्या गाडीवर मेणाचा पातळ हात दिला, धुरकट होऊ दिला आणि मऊ कापडानं पुसून काढला. संध्याकाळी गाडीच्या दारात त्याला स्वतःचा चेहरा दिसला. तो त्याला फारसा आवडला नाही.

रविवारी हेदर आली ती कोट न काढता आधी गाडीकडे गेली. आई-बाप पडद्याआडून बघत होते, पोरांसारखे. तिनं पुढून पाहिलं, मागून पाहिलं, दारावर हात फिरवला, वाकून चाकांवरचा पत्रासुद्धा पाहिला. घरात आली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

"मी रात्रभर झोपले नाही," ती म्हणाली. "म्हटलं, आज भांडण होणार. आई, सॉरी. मी उगाच नाही नाही ते मनात आणत होते."

बेरिलनं तिला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावरून नवऱ्याला डोळा मारला.

जेवण छान झालं होतं. भाजलेलं मांस, बटाटे, घट्ट ग्रेव्ही. क्लिफर्डला मांस कापता येत नव्हतं म्हणून हेदर कापत होती, आणि कापता कापता घरच्या गोष्टी सांगत होती. नवऱ्याची रात्रपाळी, स्वतःची दवाखान्यातली नोकरी, सात वर्षांच्या लेकीला, मेझीला सांभाळणारी बाई सोडून गेली ती. महिनाअखेर शाळेला आठवड्याची सुट्टी आहे, आणि मेझीला कुठे ठेवायचं या विचारानं तिचं डोकं उठलं होतं.

"आता विचारते तुम्हाला," ती म्हणाली. "गाडी बघेपर्यंत विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तिला इथं ठेवू का? इथून जवळ स्पॉल्डिंगला पोहायचे वर्ग आहेत त्या आठवड्यात. आई, तू रोज नेशील तिला?"

"नेईन म्हणजे काय," बेरिल म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की क्लिफर्डला तिकडे बघवेना. "येताना आइस्क्रीम. तिचं पुढे बसायचं वय झालं का गं?"

"नाही," क्लिफर्ड म्हणाला.

त्या दोघींना वाटलं तो पुढे बसण्याबद्दल बोलतोय. त्यानं काटा ताटात ठेवला.

"मेझीला गाडीत बसवायचं नाही. हेदर, तुला काही दिसलं नाही कारण काल दिवसभर मी ते घासत होतो. दारावर फाटकाच्या खांबाचा ओरखडा होता, तो सोड. मागे पिवळा रंग होता. शाळेपुढच्या खांबांचा."

हेदरनं सुरी खाली ठेवली. ती बापाकडे पाहत राहिली, आणि ती रागावेल त्याआधीच तो म्हणाला की त्याला घर सोडायचं नाही, आजही नाही, म्हणून त्यानं ते केलं, आणि ही गोष्ट मेझीपर्यंत आली नसती तर तो मेला तरी बोलला नसता.

बेरिलची मान लाल झाली नव्हती. तिचा सगळा चेहराच पांढरा पडला होता.

"मला काल सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"तुला विचारलं मी. तुला माहीतच नव्हतं, बेरिल."

ती बराच वेळ समोरच्या ताटाकडे बघत राहिली. ग्रेव्हीवर साय धरू लागली होती. ती आठवायचा प्रयत्न करतेय हे दोघांना दिसत होतं, आणि आठवत नाही हेही दिसत होतं.

"तिथे कुणी होतं का, क्लिफ?"

"कुणी नव्हतं," क्लिफर्ड म्हणाला. त्या वेळी तो तिथे नव्हता, तरी म्हणाला.

बेरिलनं मान डोलावली. उठून तिनं दाराशी टांगलेल्या कोटाच्या खिशातून किल्ली काढली आणि मिठाच्या बाटलीशेजारी, टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवली. मग बटाट्याचं भांडं हेदरपुढे सरकवलं आणि गार होण्याआधी वाढून घे म्हणाली. हेदरनं वाढून घेतलं. किल्लीला हात लावला नाही. शेवटी क्लिफर्डनंच ती उजव्या हातानं उचलली, आणि ठेवायची कुठे ते न समजून जेवण होईपर्यंत मुठीत धरून बसला.