बोटाखालची नस

डॉ. उत्तरांनी रुपरावांच्या डाव्या कानशिलावर दोन बोटं टेकवली आणि बोलता बोलता त्या थांबल्या. कातडीखाली सुतळीसारखी टणक नस लागत होती. ठोका नव्हता.

चौऱ्याहत्तर वर्षांचे रुपराव काटोलजवळच्या खेड्यातून सक्करदऱ्याच्या या दवाखान्यात आले होते. तीन महिने डोकं दुखत होतं. भाकर चावताना जबडा भरून येई, म्हणून एक दाढ काढून झाली होती. चष्माही बदलला होता. गेल्या आठवड्यात डाव्या डोळ्यापुढे अंधार आला, तो हटला नाही.

"ही नस कधीपासून अशी आहे?"

रुपरावांना ठाऊक नव्हतं. उत्तर मागच्या खुर्चीतून आलं.

"पोळ्यापासून बंद हाय थे." त्यांच्या पत्नी गोपिकाबाई पदर सावरत उठल्या. "पन्नास वर्सं झाली, यायच्या डोक्याले तेल लावून राहिली मी. पहिले बोटाखाली उडे."

"मग कोणाला सांगितलं का नाहीत?"

"इचारलं कोनं? अन् उजवीबी परवापासून मंदावली."

उत्तरांनी उजवं कानशील चाचपलं. ठोका व्यवस्थित होता. तरी त्यांनी रुपरावांना सोनोग्राफीसाठी शेजारच्या खोलीत नेलं.

डाव्या नसेभोवती सुजेचं काळं कडं स्पष्ट दिसलं.

"उजवी मात्र स्वच्छ आहे," सोनोग्राफी करणारे डॉ. अपूर्व म्हणाले.

गोपिकाबाई पुढे झाल्या. नवऱ्याच्या उजव्या कानाच्या वर, केसांत, त्यांनी अलगद बोट ठेवलं.

"इथं पाहा ना."

अपूर्वनी यंत्र तिथे सरकवलं. पडद्यावर तसंच कडं उमटलं, बारीक, नुकतंच धरू लागलेलं. उत्तरा पडद्याकडे पाहतच नव्हत्या. त्या निंदणानं भेगाळलेल्या त्या बोटाकडे पाहत होत्या.

"म्हातारपणी क्वचित रक्तवाहिन्यांना अशी सूज येते, मग डोळ्याला रक्त पोचत नाही," त्या म्हणाल्या. "डावा डोळा परत मिळेल असं वाटत नाही. उजवा वाचवायचा तर औषध आत्ताच सुरू करायला हवं."

नसेचा तुकडा तपासायला नंतर पाठवला. स्टिरॉइडचं सलाईन त्याच तासाला लागलं.

तीन आठवड्यांनी दोघं पुन्हा आले. डोकेदुखी गेली होती. बसची पाटी रुपरावांनी स्वतः वाचली होती, उजव्या डोळ्यानं.

"नस उडून राहिली, बाई," गोपिकाबाई म्हणाल्या.

उत्तरांनी उजव्या कानाच्या वर बोटं ठेवली. त्यांना काहीच लागलं नाही.

"दाबू नका. नुसतं ठेवा." गोपिकाबाईंनी आपलं बोट त्यांच्या बोटांशेजारी टेकवलं.

उत्तरांनी हात सैल सोडला, डोळे मिटले. बऱ्याच वेळानं बोटाखाली काहीतरी हललं. मग पुन्हा.

"काय झालं वं?" रुपरावांनी विचारलं.

दोघींपैकी कुणीच हात हलवला नाही.