जादा खताचा पट्टा

सुनेने सकाळी गव्हात पाऊल टाकलं आणि इकडेतिकडे पाहिलं. पट्टा कुठे दिसेना.

सासऱ्यांनी या हंगामात पहिल्यांदाच खताचा कारभार तिच्या हाती दिला होता. तोही कुरकुरत. "कर बाई तुझ्या मनासारखं. पण गहू पिवळा पडला तर पुढच्या वर्षीपासून मीच बघेन," असं त्यांनी बजावलं होतं. तिची पद्धत तशी सोपी होती. सुरुवातीला सगळ्या गव्हाला बेताचा युरिया द्यायचा आणि वावराच्या मधोमध एका पट्ट्याला मात्र भरपूर. गहू गुडघ्याला लागला की बघायचं. पट्टा बाकीच्या गव्हापेक्षा गर्द दिसला, तर बाकीचा गहू भुकेला आहे, त्याला दुसरा हप्ता द्यायचा. वेगळा दिसलाच नाही, तर जमीनच पुरेसं देतेय, वरून काही नको.

पट्ट्याच्या दोन्ही टोकांना तिने लाल चिंध्या बांधलेल्या काठ्या रोवल्या होत्या. आता काठ्याही नव्हत्या.

"त्या होय? मीच नेल्या," तिने घरी येऊन विचारल्यावर परसात घेवड्याला पाणी घालणाऱ्या सासूबाई म्हणाल्या. "नुसत्याच उभ्या होत्या. माझ्या वेलाला आधार नको?"

घेवडा लाल चिंध्यांतून डोकं काढून मजेत वर चढत होता. सुनेला हसावं की रडावं कळेना. काठ्या नेमक्या कुठून उपटल्या, हे सासूबाईंना आठवत नव्हतं आणि आठवायची त्यांना गरजही वाटत नव्हती.

सासरे चहाचा कप खाली ठेवून उठले. आयतीच संधी आली होती. "पट्टा शोधायला काठ्या कशाला लागतात? डोळे लागतात. चल, दाखवतो. आणि ऐक, दुकानदाराला मी गोण्या सांगून ठेवल्यात. संध्याकाळी टेम्पो येईल. असू देत हाताशी."

म्हणजे निकाल आधीच लागला होता तर! सुनेला राग आला, पण तो गिळून ती मागोमाग निघाली. नवरा ट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. खत आज सासऱ्यांच्या मनाने पडलं, तर हे वावर पुन्हा कधी तिच्या मनाने चालायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सासरे बांधावर उभे राहिले, डोळ्यांवर हात धरला आणि ठामपणे बोट रोखलं. "हा बघ. गर्द हिरवा. लांबून ओळखू येतो."

तेवढ्यात सासूबाई पदराला हात पुसत आल्या. "काहीतरीच तुमचं. तो पलीकडे आहे, विहिरीच्या अंगाला."

"तिथे सावली पडलीय, म्हणून गर्द दिसतं!"

"आणि तुमच्या इथे काय पडलंय?"

सासरे आत शिरले. पात्याला पातं लावून पाहिलं, खाली वाकले, पुन्हा बांधावर आले. आता त्यांना पट्टा तिसऱ्याच ठिकाणी दिसू लागला. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. सून मात्र हसली नाही. तिच्या मनात वेगळीच पाल चुकचुकत होती. खत पसरायच्या यंत्राचं तोंडच तुंबलं असेल तर? पट्ट्यात युरिया पडलाच नसेल, तर तो दिसणार तरी कसा? आणि तसं असेल तर तिची परीक्षा फुकट आणि गोण्या टाकायचं सासऱ्यांचंच खरं.

मग तिला आठवलं, यंत्र सुरू करताना ओंजळभर युरिया एकाच जागी सांडला होता. ती बांधाच्या कडेकडेने वाकून पाहत निघाली. रस्त्याकडच्या टोकाला तिला एक टक्कल सापडलं. तिथला गहू खताने पार जळून गेला होता. जळकं पीक पाहून इतका आनंद आजवर कुणाला झाला नसेल.

"बाबा, इथे या! इथून सुरू केलं होतं मी. सरळ त्या समोरच्या विजेच्या खांबाच्या रोखाने."

टकलापुढे यंत्राच्या चाकांच्या दोन रेघा अजून अंधूक दिसत होत्या. दोघे त्यांच्यावरून वावराच्या मध्यापर्यंत चालत गेले. सुनेने खाली बसून माती उकरली. युरिया कधीच विरघळला होता, पण चाकांची रेघ कुठे तुटली नव्हती. यंत्र चाललं होतं आणि रिकामं होऊनच घरी आलं होतं, हेही तिला आता लख्ख आठवलं.

"आपण पट्ट्यात उभे आहोत, बाबा. आता बघा."

सासऱ्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पायाशी पाहिलं. सगळीकडे एकच हिरवा. त्यांचा चेहरा पडला होता.

"म्हणजे इतकी वर्षं मी उगाचच ओतत होतो?"

सुनेला त्यांची मनापासून कीव आली. पण तिने दिलेलं उत्तर समजूत काढण्यासाठी नव्हतं, तिला खरंच तसं वाटत होतं. "उगाच कसं? मागच्या हंगामात मूग घ्यायचा हट्ट कुणाचा होता? शेणखतासाठी तुमच्या लेकाशी भांडलं कोण? ते सगळं जमिनीत आहे म्हणून तर पट्टा दिसत नाहीये. ओंब्या निघायच्या आधी पुन्हा एकदा बघू. दिसला, तर देऊ."

सासऱ्यांनी एक पातं तोडलं आणि दातांखाली धरलं. "गेल्या वर्षी इथलाच गहू आडवा पडला होता. खत माझंच जास्त झालं होतं आणि मी वाऱ्याला शिव्या घातल्या," ते हळूच म्हणाले आणि स्वतःशीच हसले.

संध्याकाळी टेम्पो दारात येऊन थांबला. ड्रायव्हरने मागचा फळका पाडला आणि नेहमीच्या सवयीने ओसरीकडे हाक मारली, "काका, गोण्या कुठे उतरवू?"

सून स्वयंपाकघरात हातातलं काम टाकून थांबली. कान बाहेर लागले होते.

"मला काय विचारतोस?" सासऱ्यांचा आवाज आला. "खताचं आमची सून बघते. थांब, बोलावतो तिला."