गाढवाला गुळाची चव कळते

आमचे हे जनावरांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. मी खाली कुत्र्यांची तोंडं धरते आणि वर यांचं तोंड सहन करते. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड. घरात कुणी म्हण वापरायचा अवकाश, की यांचं सुरू, "खरं तर..."

आणि सासूबाई म्हणजे म्हणींचं कोठार! शेजारीण खोटंखोटं रडली की त्या म्हणायच्या, "नुसते मगरीचे अश्रू!" लगेच हे घास हातात धरून, "खरं तर आई, मगरीच्या डोळ्यांत खाताना पाणी येतं. त्यात ढोंग काही नसतं." साप डूख धरतो म्हटलं, की साप एवढं कुठलं लक्षात ठेवतोय! "गोगलगाय नि पोटात पाय" ही एकच म्हण यांनी पास केली होती, कारण गोगलगाय खरंच पोटावर चालते. त्या दिवशी सासूबाईंनी "धन्य झाले बाई!" म्हणून कोपरापासून हात जोडले होते. लेकाला त्यांनी नावच 'खरंतर' ठेवलं होतं. "खरंतर आला का गं वर?" असं विचारायच्या. मायलेकांचं रोज वाजायचं, आणि वाजल्याशिवाय दोघांनाही घास जायचा नाही.

मग सासूबाईंना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण शब्द निघत नव्हता. घर इतकं शांत झालं, की खालच्या कुत्र्यांचं विव्हळणं वर ऐकू यायचं.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई घरी यायला लागल्या. त्या म्हणाल्या, "तोंडात बसलेलं आधी परत येतं. गाणी, शिव्या, म्हणी. अर्धी म्हण तुम्ही म्हणा, उरलेली त्यांना म्हणू द्या. पण सुरुवात आत्ताच व्हायला हवी. उशीर झाला तर मग अवघड आहे." जाता जाता यांना बजावलं, "आणि त्यांना चिडवू नका हं."

झालं! आमचे हे एकदम शहाणे. खालचं काम आटोपलं की हात धुऊन पलंगाशी बसायचे आणि मधाळ आवाजात म्हणायचे, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी...?" सासूबाई गप्प. "बरं, राहू दे हं आई. छान." छान? कसलं डोंबलाचं छान! एकही 'खरं तर' नाही. सासूबाई परक्या माणसाकडे बघावं तशा यांच्याकडे बघायच्या. पुढे पुढे तर हे आले की भिंतीकडे तोंड करायला लागल्या.

एका दुपारी मी त्यांना भरवत होते, तर त्यांनी डाव्या हाताने चमचा बाजूला सारला आणि डोळे मिटून घेतले. माझं डोकंच फिरलं. चमचा हातात घेऊन मी तशीच खाली गेले. हे एका बोकडाचे खूर कापत होते. बोकडाच्या मालकासमोरच मी तोंड सोडलं.

"अहो, आई कशाने गप्प झाल्यात, कळतंय का तुम्हाला?"

"झटक्याने," हे म्हणाले.

"झटक्याने बोलणं गेलं. उमेद तुमच्यामुळे गेली! ज्याने जन्मभर त्यांची एक म्हण सरळ जाऊ दिली नाही, तो लेक आता नुसती मान डोलावतोय. काय समजायचं त्यांनी? आपलं आता संपलंच, म्हणून पोरगा गोड बोलतोय! मरणाऱ्याशी कुणी भांडत नाही, हे कळतं त्यांना."

यांनी बोकडाचा पाय सोडला. "पण त्या बाई म्हणाल्या होत्या, चिडवू नका."

"त्या बाईंना काय माहीत तुमची आई! चला वर."

वर आल्यावर हे बसले नाहीत. वाद घालताना राहायचे तसे उभे राहिले. "आई, गाढवाला गुळाची..."

भिंतीकडचं तोंड वळलं नाही.

"खरं तर," हे म्हणाले. "खरं तर ना आई, ही म्हण साफ चूक आहे. गाढवाला गुळाची चव कळते. परवा एकाला गुळात गोळी घालून दिली. पठ्ठ्याने गूळ चवीने खाल्ला आणि गोळी माझ्या बुटावर थुंकली. तू जन्मभर त्या गरीब जनावराची बदनामी करत आलीस!"

सासूबाईंची मान वळली. डावी भुवई वर चढली. ओठ थरथरायला लागले. मी चमचा घट्ट धरून उभी.

"च... चव काय!"

मला तर रडूच फुटलं. हे पलंगाच्या कडेवर मटकन बसले आणि त्यांचा लुळा हात गालाला लावून राहिले. सासूबाई यांच्याकडे एकटक बघत होत्या. मग पुन्हा ओठांची जुळवाजुळव सुरू झाली.

"गा... गाढवा."

"आई," हे डोळे पुसत म्हणाले. सवय कुठे जाते! "खरं तर गाढव फार हुशार जनावर असतं."

सासूबाईंनी बराच वेळ घेतला. एकेक शब्द शोधून बाहेर काढला.

"तू... नाहीस."