धरलेला श्वास

"सोड गं बाई, सोड तो श्वास!"

डॉक्टरबाईंनी पाठीवर थाप मारली, तरी टेबलावर बसलेली छकुली गाल फुगवून त्यांच्याकडे टक लावून बघतच राहिली. सात वर्षांची पोर, पण नजर अशी स्थिर की बाईंनाच कसंसं झालं. अखेर श्वास सुटला तेव्हा तिच्या काळ्याभोर चेहऱ्यावर ओठ राखाडी पडले होते.

"शाळेत अशीच करते," आई म्हणाली. तिचा जीव टांगणीला लागला होता. "मग चक्कर येऊन पडते. परवा जिन्यातच पडली, हे टाके बघा ना. घरी नाही हो करत. घरी नुसती गाणी चालू असतात."

डॉक्टरबाईंचं सगळं आयुष्य पोरांच्या तापा-खोकल्यात गेलेलं. तोंड फटकळ, पण पोरं त्यांच्याच कडेवर शांत व्हायची. छकुलीचं हृदय, डोकं, रक्त, सगळं तपासून झालं होतं. कशात काडीचा दोष नाही. "पोर धडाधड पडतेय आणि रिपोर्ट म्हणतात ठणठणीत! रिपोर्टांचं काय जातंय?" त्या स्वतःशीच करवादल्या. मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी विचारलं, "शाळेत रंगावरून कोणी काही बोलतं का गं हिला?"

आईने मान खाली घातली. "आम्हाला कोण बोलत नाही, डॉक्टरबाई?"

खरंच होतं ते. छकुलीच्या वंशाची माणसं या गावात पणजोबांपासून राहत होती, तरी लोक त्यांच्याकडे कालच उतरलेले पाहुणे असल्यासारखे बघायचे, आणि पाहुणे कधी जाणार याची वाट पाहायचे.

"कोणी बोलत नाही," छकुली मध्येच म्हणाली. "श्वास धरतात."

"कोण?"

"सगळे. मी जवळून गेले की. माझा रंग हवेतून लागतो ना, म्हणून. मग मीपण धरते. म्हणजे कोणालाच लागत नाही."

हे तिने इतक्या समजूतदारपणे सांगितलं, की आई तर तोंडात पदर कोंबून रडायलाच लागली. टॉनिक लिहून मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी पेन बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याला कुलूप लावून त्या थेट शाळेत गेल्या.

"अहो, मुलांचा खेळ आहे तो," मुख्याध्यापक हसत म्हणाले.

"त्या खेळात पोरीचं डोकं फुटलंय. उद्या जीव जाईल. मला बसू द्या वर्गात."

त्या मागच्या बाकावर बसल्या. वर्गात नेहमीचा कलकलाट चालला होता, वर्गशिक्षिका फळ्यावर लिहीत होत्या. छकुली दारातून आत आली आणि पंख्याचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. कोणी चिडवलं नाही, कोणी हसलं नाही. ती जसजशी पुढे येई, तसतसे दोन्हीकडचे गाल फुगत, खांदे वर जात आणि तिथेच थांबत. एवढी जिवंत पोरं, आणि खोलीत श्वासाचा आवाज नाही. मधोमध छकुली, तोंड घट्ट मिटून, पाय ओढत.

आता पडते की काय! डॉक्टरबाई ताडकन उठल्या, तिच्यासमोर जाऊन गुडघ्यांवर बसल्या आणि तिचा हात आपल्या छातीवर ठेवला.

"घे," त्या म्हणाल्या, आणि भात्यासारखा मोठ्ठा श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. "लागू दे मला. बघ, होतंय का काही!"

छकुली त्यांच्या हलणाऱ्या छातीकडे बघत राहिली. मग तिच्या नाकपुड्या थरथरल्या आणि श्वास आत गेला. हुंदक्यासारखा.

मागे कोणीतरी फुस्सकन सोडला. मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. खोकत, डोळे चोळत पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक मुलगी रडू लागली.

वर्गशिक्षिका मात्र फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. खडू अक्षराच्या मध्येच थांबला होता. त्यांचे खांदे वर चढलेले होते आणि हलत नव्हते.

छकुलीने डॉक्टरबाईंचा हात सोडला. ती हळूच वर्गशिक्षिकांजवळ गेली, पण पदराला शिवली नाही. एक हात दूर उभी राहिली.

"बाई, सोडा आता," ती काळजीने म्हणाली. "खूप वेळ धरला की पडायला होतं."