गप्प बाहुली

नवऱ्याने तिचं शिलाई मशीन नणंदेकडे नेऊन टाकलं, तेव्हा तिला ना रडू आलं ना राग. पडदे शिवून घराला हातभार लावणारी ती. पण पोरीच्या छातीत शिट्टी वाजायला लागली आणि नवऱ्याने निकाल दिला, "तुझ्या कापडाच्या तुसानेच झालंय हे." मशीन गेलं, गालिचा गेला, कापसाच्या उशा गेल्या. घर आरशासारखं लख्ख झालं. शिट्टी मात्र घर सोडून जाईना.

"घरात धूर? ओल? मांजर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. ती नाही नाही म्हणत गेली.

"आणि धाक? तान्हेपणापासून जीव मुठीत धरून वाढलेल्या मुलांत दमा जास्त दिसतो, म्हणून विचारते."

नवरा शेजारीच बसला होता. "छे हो," ती म्हणाली. दुसरंच कुणी बोलल्यासारखा तो आवाज तिला ऐकू आला.

तसा तो हात उगारत नसे. जिन्यावर त्याचे बूट वाजले की घरातली भांडीसुद्धा अंग चोरून बसत, एवढंच. कधी एखादं ताट भिंतीवर जाई. पोर तान्ही असताना रडली, की ती तिला छातीशी दडपून धरी. पुढे पोरीला कळायला लागलं तसा आईनेच एक खेळ काढला. गप्प बाहुली. बूट वाजले की तोंड मिटायचं, हलायचं नाही, श्वाससुद्धा ऐकू येता कामा नये. पोर त्यात भलतीच पटाईत निघाली.

सुट्टीच्या दिवशी अर्धवट राहिलेले पडदे पुरे करायला ती पोरीला घेऊन नणंदेकडे गेली. दम्याचा पंप आणि त्याचं नळकांडं पिशवीत होतंच.

"या वहिनी! बघून पाय ठेवा, आमच्याकडे केरसुणी पाहुणी असते, कधीमधी येते," नणंद हसली.

"वन्सं, हिला तूस चालत नाही हो."

"मग टांगून ठेवा तिला खुंटीला!"

पोर कुठली ऐकतेय? नणंदेच्या मांजराला कवटाळून ती चिंध्यांच्या ढिगात शिरली. तूस उधळलं, लोळली, खिदळली. मशीन चालवता चालवता आई शिट्टीची वाट बघत राहिली. मांजर शिंकलं, पोर नाही.

"अगंबाई, हिला आवाज आहे की! मला वाटायचं मुकीच आहे." नणंद म्हणाली.

दोरा तुटला होता, आई तो ओवत बसली.

संध्याकाळी जिन्यावर बूट वाजले. पोरीचं हसू अर्ध्यावर थांबलं. तोंड मिटलं. मग तिने हळूच मांजराच्या तोंडावरही हात ठेवला.

नवरा दारात आला तोवर शिट्टी सुरू झाली होती. आईने पंप नळकांड्याला लावून पोरीच्या तोंडाशी धरला. "घे श्वास. सोड. होऊ दे आवाज."

"सांगितलं होतं ना! आणलीस पुन्हा तुसात?"

"दुपारपासून ती तुसातच लोळत होती," पडद्याचं माप सांगावं तशी ती म्हणाली. "तुमचे बूट वाजेपर्यंत बरी होती."

त्याने बहिणीकडे पाहिलं. तिची थट्टा आटली होती. "दादा, बाबा घरी यायचे तेव्हा तू पलंगाखाली शिरायचास," ती म्हणाली. "आठवतं?"

त्याने दाराच्या कडीला हात घातला. मग म्हणाला, "चला घरी."

"उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. त्यांनी विचारलं होतं, ते सांगायचं राहिलंय. तोवर आम्ही इथेच."

तिला वाटलं, आता काहीतरी फुटेल. त्याचा हात कडीवर तसाच राहिला. मग तो वळला. बूट जिना उतरू लागले. हायसं वाटावं, तर तेही वाटेना.

पोर आईच्या तोंडाकडे बघत होती.

"संपला खेळ," आई म्हणाली.

पोरीचा विश्वास बसला नाही. तिने आधी मांजराच्या तोंडावरचा हात काढला. मग खोकली, चांगली मोठ्याने, आणि दचकून दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.