परका हात

हिवाळा सरत आला असताना, एका सोमवारी सकाळी, पाककृतींची पुस्तके काढणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, चाचणीगृह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लांबट खोलीत, संपादिकाबाईंनी कापडी पिशवीतून एक पाव काढून ओट्यावर ठेवला. ठेवला म्हणणे सौम्य होईल. त्याचा आवाज झाला.

"हा तुमचा पाव," बाई म्हणाल्या. "काल घरी केला. सासरे म्हणाले, खायला नको, पण दार वाऱ्यानं आपटतं त्याला लावायला बरा आहे."

या संस्थेसाठी कृती लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या परीक्षकांनी पाव उचलला, उलटा करून बुडाशी बोटाने वाजवला, आणि कान जवळ नेला. चांगला भाजलेला पाव आतून पोकळ वाजतो. हा मुळीच वाजला नाही.

"पीठ कुठलं?"

"तुम्ही लिहिलंय तेच."

"वजनकाटा?"

"इथूनच नेलेला."

"ओव्हन?"

"तुम्हीच मागे घरी येऊन तपासून गेलात. चहाही घेतलात."

"मग मळताना हयगय झाली असणार."

"अहो साहेब, हयगय करणाऱ्यांसाठीच आपण पुस्तक काढतोय ना?"

परीक्षकांनी पाव पुन्हा एकदा बुडाशी वाजवून पाहिला.

या खोलीत पाच ओव्हन होते. त्यांपैकी एकाचे दार नीट लागत नसे, आणि ते दुरुस्त करण्यास परीक्षकांनी सक्त मनाई केली होती. घरोघरी अशीच दारे असतात, असे त्यांचे म्हणणे. साचे पातळ होते तसेच जाडही होते. एक पातेले तर मुद्दाम बुडाशी पोचे पाडून ठेवलेले होते. तथापि परीक्षकांची खरी श्रद्धा उपकरणांवर नव्हती. ती वाक्यावर होती. जे वाचून कुणाही अडाण्याच्या हातून तोच पदार्थ घडतो ते गद्य म्हणजे पाककृती, अशी त्यांची व्याख्या होती. 'साधारण', 'अंदाजे' आणि 'चवीनुसार' हे शब्द त्यांच्यापुढे उच्चारणे म्हणजे शिवी देण्यासारखे होते. वाक्य खरे उतरले की नाही, हे जाणत्याच्या हातून कधीच कळत नाही. कारण जाणता डोळ्यांनी वाक्य वाचतो आणि हाताने आपल्याला हवे ते करतो. यास्तव प्रत्येक कृतीची अखेरची चाचणी परक्या हाताने व्हावी, असा नियम त्यांनी घातला होता. परका म्हणजे ज्याला स्वयंपाक येत नाही असा.

तो हात त्यांच्या थोरल्या बहिणीचा होता. ताईंचे आयुष्य टेलिफोनच्या कचेरीत गेले. घरचा स्वयंपाक त्यांचे यजमान करीत, आणि इतका उत्तम करीत की ताईंना स्वयंपाकघरात शिरण्याचे कारणच पडले नाही. यजमान वारले तेव्हा बटाटा किती वेळ उकडावा हेही ताईंना ठाऊक नव्हते. त्या बिस्किटांवर दिवस काढत आहेत असे दिसल्यावर परीक्षकांनी त्यांना हे काम दिले. दर आठवड्याला सामानाची पिशवी आणि कृतीचा कागद त्यांच्या घरी पोचे. पिशवी येऊ लागली आणि ताईंच्या घरात पुन्हा वार आले, एरवी तिथे नुसते दिवस होते.

चाचणीगृहाच्या दृष्टीने तो सुवर्णकाळच म्हटला पाहिजे. ताई करपवीत, सांडीत. 'साच्याला तेल लावावे' असे वाचून त्यांनी एकदा साच्याला बाहेरूनही तेल लावले आणि घरभर धूर केला. प्रत्येक फजितीनंतर परीक्षक एक वाक्य सुधारीत. पुढे फजित्या विरळ झाल्या, आणि मग थांबल्या. ताईंचा एकच निरोप येऊ लागला: झकास झालं. परीक्षकांनी त्यातून असा निष्कर्ष काढला की आपले गद्य निर्दोष झाले आहे. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे पुस्तक आता छापखान्यात तयार होते. बाईंनी होकार द्यायचा अवकाश, यंत्र सुरू झाले असते.

"ताईंना बोलवा," बाई म्हणाल्या. "माझ्यासमोर करू देत. आणि शेजारी आपल्या कानामात्राला उभं करा."

कानामात्रा म्हणजे संस्थेचे मुद्रितशोधक. सडाफटिंग मनुष्य. जन्मात चहाखेरीज त्यांनी काही केले नव्हते, आणि तो चहाही कचेरीतले लोक काहीतरी निमित्त काढून टाळीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या त्या स्वतःचा ॲप्रन घेऊनच.

"काय रे पंडित, चेहरा असा का? कोण गेलं?" त्यांनी भावाला विचारले. पंडित हे त्याचे लहानपणापासूनचे नाव; जेवणाच्या ताटावरही तो वाद घाली म्हणून पडलेले.

"काही नाही, ताई. तू नेहमी करतेस तसं कर. कागदात आहे तेवढंच."

"मी कधी कागद सोडलाय?"

दोघांपुढे एकच कागद, एकच पीठ, मोजलेले पाणी. कानामात्रांनी बाह्या सरसावल्या, चष्मा पुसला आणि मळायला घेतले. त्यांच्या कणकेला सुकल्या तळ्यासारख्या भेगा पडत होत्या. ताईंची कणीक मऊ होत चालली होती. मधूनच त्यांनी नळाखाली हात धरला आणि पुन्हा मळू लागल्या. थोड्या वेळाने पुन्हा धरला.

"ताई, तुम्ही पाणी घालताय," बाई म्हणाल्या.

"मी? छे! पाणी तुमच्यासमोर मोजून घातलं की."

"आत्ता नळाखाली..."

"हाताला चिकटतंय म्हणून ओला केला. हात धुवायचा नाही, असं लिहिलंय का कुठं?"

तसे कुठे लिहिलेले नव्हते. परीक्षकांनी कागद पुन्हा वाचला, जणू या वेळी लिहिलेले निघेल.

कणीक फुगण्यासाठी ठेवली. लावलेला तास संपून घंटा वाजताच कानामात्रांनी आपला गोळा साच्यात घातला. ताईंनी आपल्या भांड्यावरचे फडके उचलून पाहिले, परत झाकले आणि भांडी विसळायला लागल्या.

"घंटा झाली, ताई."

"ऐकली रे. एवढी भांडी विसळते नि घेतेच."

भांडी मघाशीच विसळून झाली होती. ताईंनी ती सगळी पुन्हा विसळली, पुसली, उपडी घातली. कणीक भांड्याच्या काठाशी आली तेव्हाच त्यांची भांडी संपली.

भाजताना दार उघडू नये, असे कागदावर ठळक छापले होते. ताई ओव्हनसमोर उभ्या होत्या. त्यांनी एकदा नाक वर केले, दार उघडले आणि साचा झर्रकन फिरवला.

"ताई!" परीक्षक ओरडले.

"अरे, मागच्या बाजूला जास्त तापतंय. एवढंही कळत नाही का..." बोलता बोलता ताई थांबल्या. त्यांनी हातातल्या फडक्याकडे पाहिले, मग हाताकडे.

दोन्ही पाव ओट्यावर आले. ताईंचा बदामी, हलका, पोकळ वाजणारा. कानामात्रांचा पाव बाईंच्या पावाचा सख्खा भाऊ शोभला असता.

"पुस्तकातली प्रत्येक कृती ताईंच्या घरून पास झालीय ना?" बाईंनी विचारले.

"दुरुस्ती करता येईल," परीक्षक घाईने म्हणाले. "'हात ओला करून मळावे' अशी ओळ घालू."

"किती ओला?" कानामात्रांनी विचारले. पेन्सिल कागदावर टेकवून ते खरोखरच थांबले होते. त्यात थट्टा नव्हती.

परीक्षकांनी नळ सोडला, हात ओला करून पाहिला, आणि नळ बंद केला.

"मी पुन्हा करते," ताई म्हणाल्या. "आता अक्षर सोडणार नाही. बघाच."

त्यांनी पुन्हा पीठ मोजले. या वेळी हात कोरडे ठेवले. कणीक तडकू लागली तसा बोटांना चाळा लागला, तो त्यांनी मुठी आवळून थोपवला. मग त्यांनी मीठ घातले. पाठ वळवून पुन्हा एकदा घातले, आणि हळूच भावाकडे पाहिले.

"बघ, दोनदा पडलं! आहे की नाही मी वेंधळी? म्हणजे मला अजून येत नाही."

परीक्षकांनी तो चेहरा ओळखला. बाहेरून तेल लावलेला साचा दाखवताना ताई लाजेने लाल झाल्या होत्या; आज त्या आशेने पाहत होत्या. ज्या अज्ञानावर आपण आजवर विसंबून राहिलो ते कधीच संपले आहे, आणि समोर जे चालले आहे ते त्याचे सोंग आहे, हे त्यांना कळले. नकळत साधलेल्या यशाने पुस्तक बुडवले होतेच. जाणूनबुजून केलेल्या चुकीने ते वर येणार नव्हते. नवा परका हात शोधावा, तर तोही दर पदार्थागणिक शिकत जाणार. आणि आपले वाक्य सुधारले की त्याचा हात, हे सांगणारे एकही उपकरण त्या खोलीत नव्हते.

बाईंनी भिंतीवरचा फोन उचलला, छापखान्याला "थांबवा" एवढेच सांगितले, आणि जाताना ताईंच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. कानामात्रा आपला पाव कागदात गुंडाळून त्यांच्यामागे गेले. टाकायचा कुठे, हे त्यांना विचारवत नव्हते.

बहीणभाऊ उरले. ताईंनी ओटा पुसला. ॲप्रन सोडला, नीट घडी केली आणि पिशवीत न ठेवता ओट्यावरच ठेवला.

"ताई, दुसरं काहीतरी बघू," परीक्षक म्हणाले. "पिशवी येत राहील. आणखी अवघड कृती देतो. तुला मुळीच न येणाऱ्या."

ताईंनी चांगल्या पावाचा तुकडा मोडला, भावाच्या हातावर ठेवला, आणि तो खातो की नाही ते पाहत उभ्या राहिल्या. तो खात नाही असे दिसल्यावर त्यांनी पिशवी उचलली.

"मला स्वयंपाक येतो, पंडित," त्या म्हणाल्या. "माझा आता उपयोग नाही."