सिंधुबाईंच्या कार्डाची प्रत

हर्षालीनं आतलं मशीन बंद केलं, यादीतल्या नावावर उजवं बटण दाबलं आणि मान न वळवता विचारलं,

"क्लोन, म्हणजे कॉपी, लिंक्ड करू का फुल?"

दीपक दुकानाच्या दारातच उभा होता. पाच दिवसांची दाढी, पायात चपला.

"फरक काय?"

"लिंक्ड लगेच होतो. पण हे मूळ मशीन जवळ नसलं की चालत नाही. फुलला वेळ लागतो, पण त्याचं त्याला चालतं."

"मग फुलच कर."

तिनं त्यानं आणलेली डिस्क जोडली आणि फुल केला. खाली एक निळी पट्टी उगवली.

२ टक्के

कॉम्प्युटर नवा होता आणि त्याच्या पोटात दुसरा, जुना कॉम्प्युटर होता, नुसता कागदोपत्री असावा तसा. ज्या कंपनीनं ते मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर काढलं ती कधीच बंद पडली. नव्या विंडोजवर ते उघडायचंही नाही. म्हणून हर्षालीनं जुनी विंडोज एका व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवली होती. लग्नपत्रिका, वास्तुशांती, दशक्रिया, बारा वर्षांचं सगळं काम आत होतं.

"सायखेड्यात आपलंच छोटं काम चालू करावं म्हणतो," दीपकनं कालच फोनवर सांगितलं होतं. "एक कॉपी दे."

यात खोटं काही नव्हतं. फक्त नाना, त्याचे वडील, रविवारी गेले हे त्यानं सांगितलं नव्हतं. शर्टाच्या खिशात चार घड्यांचा कागद होता. त्यावर चंद्रभागाआत्यानं, नानांच्या बहिणीनं, दशक्रियेच्या कार्डाची नावं लिहवून घेतली होती. शोकाकुल परिवारात दीपकच्या नावाखाली सरळ साक्षीचं, त्याच्या बहिणीचं नाव होतं. मधली ओळ, हर्षालीची, नव्हती.

"दीड वर्ष जी घरात नाय तिचं नाव कशाला?" आत्या म्हणाली होती. त्यानं कागदाच्या चार घड्या केल्या आणि खिशात घातला.

हर्षालीच्या हातूनच ते कार्ड लावून घ्यावं इतका तो निर्लज्ज नव्हता. म्हणून कॉपी, घरी आपणच लावायला.

१७ टक्के

तो स्टुलावर बसला. दुकानात काहीतरी कमी होतं. टेबल तेच, पंखा तोच, भिंतीवरचा गणपती तोच. काय कमी आहे ते कळेना. नानांना अग्नी दिल्यापासून त्याला सगळं असंच, काचेपलीकडून दिसत होतं.

४१ टक्के

"ओ हो हो! दीपकशेठ! आज सूर्य कुठून उगवला?"

खालच्या छापखान्याचा मोतीराम जिना चढून आला होता. हातात पेढ्यांचा बॉक्स.

"वहिनी, आमच्या पोरीचं जमलं. ओझरचं स्थळ हे. घ्या, तोंड गोड करा. तुम्ही पण घ्या शेठ, दीड वर्षानं दिसले. दाढीबिढी वाढवली, साधू व्हायचा विचार हे का? कुंभमेळ्याला जागा बघून ठेवू?"

दीपकनं पेढा घेतला. तो हातातच राहिला.

"आन नाना कसे हे? मागं भेटले तर मला म्हने, मोत्या, तुझी शाई पानी घातल्यावानी दिसती."

दीपकनं तोंड उघडलं.

"मोतीरामभाऊ," हर्षाली म्हणाली, "त्या निफाडच्या पत्रिकेचं प्रूफ तुमच्या टेबलावर ठेवलंय. मुहूर्ताची वेळ तपासा आधी. पार्टी एकला येणारे."

"आरे देवा! एकला?" मोतीराम निघाला. जिन्यातून ओरडला, "पेढा खा शेठ, हातात धरून बसू नका!"

४१ टक्के

पट्टी अडकली होती.

"बंद पडलं का?"

"नाही. होतं असं. आत मोठी फाईल आली की थांबल्यासारखं वाटतं."

हर्षालीनं तिचा पेढा कागदाच्या कपट्यावर ठेवला, कीबोर्डच्या बाजूला. दीपकनंही आपला तिथं ठेवला. दोघं पट्टीकडं बघत राहिले. एकत्र होते तेव्हा असंच बसायचे, प्रिंटर गरम होईपर्यंत. तेव्हा काय बोलायचे ते त्याला आठवलं नाही.

१०० टक्के

"चालू करून दाखवते. नंतर म्हणाल, दिलं ते उघडत नाही."

कॉपी सुरू झाली. तोच जुन्या विंडोजचा हिरवा डोंगर, तीच फोल्डरं. तिनं एक फाईल उघडली. दीपकला वाटलं, चाचणीला कुठलीही उघडली असेल. ते आईचं कार्ड होतं.

कै. सिंधुबाई कारभारी खालकर. तीन वर्षांपूर्वी त्या दोघांनी इथंच बसून लावलेलं. चौकट इतकी नीट बसली होती की नंतरचं दुकानातलं प्रत्येक दशक्रियेचं कार्ड त्यावरूनच निघालं. प्रत करायची, नावं बदलायची.

हर्षालीनं प्रत केली. नवं नाव दिलं. मग सिंधुबाई खोडलं.

"नावं सांगा."

दीपकचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला.

"कागद खिशात आहे ना? सांगा. या कीबोर्डवर तुमचा हात बसत नाही. तिकडं जाऊन रात्रभर एकेक अक्षर शोधत बसाल."

त्यानं कागद काढला. घड्या उलगडताना बोटं दुसऱ्याचीच वाटत होती.

"कैलासवासी…" तो म्हणाला.

"हं."

"कारभारी पुंजाराम खालकर."

ती टाइप करत गेली. तिथी. वार मंगळवार, वेळ सकाळी आठ, सायखेडा, गोदाकाठ. गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारत होती, प्रवचन कोणाचं, भोजन कुठं. मग शोकाकुल परिवार आला.

*श्री. दीपक कारभारी खालकर (मुलगा)*
*सौ. हर्षाली दीपक खालकर (सून)*

दोन्ही ओळी आईच्या कार्डातून आल्या होत्या. लिहायचं काही नव्हतं. काढायचं तेवढं होतं.

कर्सर त्या ओळीच्या शेवटी लुकलुकत राहिला. हर्षालीनं हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

त्यानं मान वर केली आणि समोर गणपती दिसला. झेंडूचा हार वाळून तपकिरी झालेला. पणती कोरडी. उदबत्तीच्या घरात राखेची एक जुनी वळकटी. हर्षाली दुकान उघडलं की आधी उदबत्ती लावायची आणि मगच कॉम्प्युटरचं बटण दाबायची. तापानं फणफणली असतानाही लावायची. दुकानात काय कमी होतं ते आता कळलं. वास.

शेजारी कपट्यावर दोन पेढे, दोन्ही अख्खे.

"कधीपासून लावली नाही?"

"मंगळवारपासून," ती पडद्याकडं बघत म्हणाली. "पत्रिका द्यायला निफाडला चालले होते. चांदोरी चौफुलीला बस थांबली. तिथं नानांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स होता."

"मी सांगणार…"

"फोटो आपल्या लग्नातला घेतलाय. खांद्याशी माझ्या शालूचा काठ राहिलाय. कापणाऱ्याला दिसला नसेल."

खाली छापखान्याचं मशीन सुरू झालं. फरशी थरथरली.

"पुढचं नाव सांगा," ती म्हणाली.

त्यानं कागदाकडं पाहिलं.

"साक्षी," तो म्हणाला. "मुलगी."

तिनं खालच्या बाणाचं बटण दाबलं. वरची ओळ होती तिथंच राहिली.

प्रूफ

तिनं एक पान काढलं, त्याच्यापुढं ठेवलं आणि पेन दिलं. प्रत्येकाला सांगायची तेच सांगितलं.

"बोट ठेवून मोठ्यानं वाचा. बरोबर असेल तर सही करा. छापल्यावर बदल होत नाही."

दीपकनं वाचलं. आवाज सपाट निघत होता, जाहीर निवेदनासारखा. कैलासवासी. कारभारी. मंगळवार. बोट सरकत होतं. मुलगा. मग,

"सौभाग्यवती हर्षाली दीपक खालकर. सून."

बोट पुढं गेलं. साक्षी. नातवंडं. समस्त खालकर परिवार.

"बरोबर हे," तो म्हणाला आणि सही केली.

"किती?"

"सहाशे. मोतीरामकडंच छाप. पण शाई…"

"पाणी घालू नका म्हणते त्यांना."

तो जिना उतरला. छापखान्यावरून जाताना मोतीरामनं आतून हात हलवला. गाडीला चावी लावली तेव्हा लक्षात आलं, क्लोनची डिस्क वर टेबलावरच राहिली, पेढ्यांशेजारी.

तो परत वर गेला नाही.